निरोगी डोक्याच्या शोधात

नोकरीभर मी लोकांच्या डोक्याला गोंद लावला. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायचं काम माझ्याकडे होतं. दवाखान्यात नोकरी म्हटलं की नातेवाईक नर्स समजायचे, शेजारी डॉक्टर समजून पोटदुखीचं औषध विचारायचे. खरं काम सांगायला गेलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे माझ्या मनात काय चाललंय ते तुमच्या मशिनीत दिसतं?" नाही दिसत. दिसलं असतं तर मी दवाखान्यात कशाला राहिले असते, लग्नं जुळवायचा धंदा काढला असता आणि शहराबाहेरच्या हुडकेश्वरच्या शेतात तेव्हाच बंगला बांधला असता. आता त्याच हुडकेश्वरला दोन खोल्यांत राहते आणि शेत काही दिसत नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं, बाई आता जन्मापासून सुरू करणार. मी तसं करणार नाही. मला एकाच माणसाबद्दल सांगायचं आहे. पण त्याआधी आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

आपल्या मेंदूत वीज असते, पण फार म्हणजे फारच बारीक. डोक्याच्या कातडीवर ठरावीक जागी धातूच्या चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडायच्या, यंत्र ती वीज मोठी करतं आणि शाईच्या लेखण्या सरकत्या कागदावर तिच्या लाटा काढतात. अर्ध्या लेखण्या डाव्या बाजूच्या, अर्ध्या उजव्या. माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला एकसारखी, सुरेख लाट उमटते. डावीकडची लाट किती उंच आणि उजवीकडची किती, हे आम्ही मोजायचो. एक बाजू फारच बसलेली दिसली तर तिथे गाठ असेल, मार असेल, जुनं काही असेल, असा संशय घ्यायचा. तेव्हा डोक्याच्या आत डोकावायची आजच्यासारखी यंत्रं आमच्याकडे नव्हती. हीच आमची खिडकी.

यात सगळी मेहनत चकत्या लावण्याची. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजायचं, या कानापासून त्या कानापर्यंत मोजायचं, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. डावीकडची खूण अर्धं बोट सरकली तर कागदावर दोन बाजू वेगळ्या दिसणार आणि दोष बिचाऱ्या मेंदूच्या माथी. शिवाय आपल्या लोकांचं तेल. "डोकं धुऊन या, तेल लावू नका" असं चिठ्ठीवर लिहून द्यायचो. लोक डोकं धुऊन यायचे आणि मग तेल लावूनच यायचे. कोरड्या केसांनी चारचौघांत कसं जायचं? एका म्हातारीने तर मला ऐकवलं, "तेल नको म्हनता, मंग काय मयतीले आली म्या?" स्पिरिटने टाळू पुसता पुसता माझे हात फुटायचे.

उन्हाळ्यात आणखी मजा. कूलर लावला तर त्याच्या मोटरची वीज कागदावर उतरायची, बंद केला तर पेशंटला घाम यायचा आणि घामाने लेखण्या नागासारख्या डुलायच्या. म्हणून मे महिन्यात आम्ही सकाळी लवकर दार उघडायचो आणि ऊन चढलं की दार लावून घ्यायचो.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. एका सासूने सुनेला आणलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे खरंच बेसुद पडते का नाटक करते, तेवढं पाह्यून सांगा." एका मास्तरांना आपली बुद्धी किती आहे त्याचा आकडा लेखी हवा होता. या सगळ्यांना मी गोडीत किंवा आवाज चढवून घरी पाठवत असे. आवाज चढवून जास्त.

तर रामदास. नागपूरला लागून वाडी म्हणून गाव आहे, तिथल्या एका ट्रान्सपोर्टवर ट्रक चालवायचा. तिशीचा, उंच, फार न बोलणारा. ऐन मे महिन्यात, उपाशीपोटी, गोडाऊनसमोर माल भरून घेताना तो उन्हात कोसळला. पडल्यावर हात झटकल्यासारखे वाटले, असं कुणीतरी म्हणालं. झालं, मालकाने त्याला आमच्याकडे पाठवलं. मी आलेख काढला. झटक्याच्या रोगाच्या खुणा एकही नव्हत्या. पण डावीकडच्या लाटा उजवीकडच्यापेक्षा बऱ्याच कमी उंच होत्या. रिपोर्टात तेवढंच लिहून गेलं, त्यात खोटं काही नव्हतं. मालकाचे डॉक्टर वेगळे होते. त्यांनी ते वाक्य वाचलं आणि रामदासच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं. त्याला गोडाऊनच्या दाराशी स्टुलावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला की कोण, कुठला.

हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. सुमन तिचं नाव. एका सकाळी ती एकटीच आली आणि आमच्या दारात उभी राहिली.

"ताई, तुम्हीच तो कागद काढला ना?"

"हो."

"त्याच्यात काय आहे ते मले सांगा. लोक म्हनते याले मिरगी आहे. शेजारीन आपल्या पोराले आमच्या दारात खेळू देत नाही. आन हा घरी आला का भिंतीकडे तोंड करून बसते. गाडी चालवनारा मानूस आहे ताई, स्टुलावर बसून राह्यला तं मरून जाईन तो."

मिरगी म्हणजे तोच झटक्याचा रोग; मी तिला तो नाही एवढं सांगितलं. ती म्हणाली, "मंग हे कागदावर काहून नाही लिवलं?"

तिने नेमकी चूक पकडली होती आणि कुणी चूक पकडली की मला राग येतो. तो राग घेऊन मी डॉ. मुळ्यांकडे गेले. आमच्या विभागाचे प्रमुख, शांत माणूस, चहात बिस्कीट बुडवून ते विरघळेपर्यंत विचार करणारे.

"सर, हा फरक रोगाचा आहे का?"

"मला नाही वाटत, वासनिक बाई. निरोगी माणसांतही उजवी बाजू थोडी जोरात असते, असं पुस्तकं सांगतात. मी त्या डॉक्टरांना फोनही केला. ते म्हणाले, पुस्तक तिकडचं आहे. इथली निरोगी माणसं दाखवा, ज्यांच्यात एवढा फरक आहे, मी लगेच सही करतो."

"मग दाखवू."

"कुठून दाखवणार? आपल्याकडे एक तरी निरोगी कागद आहे का?"

मी कपाटाकडे पाहिलं. कपाट आलेखांनी गच्च भरलं होतं आणि त्यातला प्रत्येक कागद आजारी माणसाचा होता. आमच्याकडे चांगलं डोकं घेऊन कोण येणार? इतकी वर्षं आम्ही वाकडं काय ते सांगत होतो आणि सरळ कसं असतं ते कधी पाहिलंच नव्हतं. आमच्यापैकीही कुणी स्वतःचा आलेख काढला नव्हता. त्यामागे खात्याचा एक अलिखित नियम होता. आमचे अटेंडंट गणपतराव, ज्यांनी खातं सुरू झालं तेव्हापासून गोंद कालवला, ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "आपलं डोकं या मशिनीले कधी द्याचं नाही. भलतं निंगालं तं झोप उडते." मलाही सांगितलं होतं, मीही हसून पाळलं होतं. स्वयंपाकीण जशी देवाचा नैवेद्य आधी चाखत नाही, तसं ते आपोआप पाळलं जायचं.

त्या दिवशी मी ठरवलं की निरोगी माणसं आणायची आणि तीही रामदासच्याच धंद्यातली. डॉक्टर म्हणाले, येतील का? मी म्हटलं, आणते.

वाडीला गेले. अमरावती रोडच्या कडेने ट्रक उभे, मधे चहाची टपरी, तिथे ड्रायव्हर मंडळी बाजेवर पसरलेली. त्यांच्यात वयाने मोठे शंकरभाऊ. त्यांचा शब्द सगळे मानायचे. मी आपलं नीट समजावून सांगितलं की सुई नाही, दुखत नाही, थोडा वेळ डोळे मिटून पडायचं, तुमच्या मित्राची नोकरी वाचेल. सगळे ऐकत होते आणि एकही जण माझ्याकडे पाहत नव्हता.

शेवटी शंकरभाऊ म्हणाले, "बाई, बसा, चहा घ्या. रामदासबी चांगलाच होता. तुमच्या मशिनीखाली गेला आन स्टुलावर बसला. आता आमी चांगले आहो तं काहून यावं जी? आमच्या डोस्क्यात काई निंगालं तं?"

"नाही निघणार."

"तुमाले कसं मालूम? तुमच्या सोताच्या डोस्क्यात काय हाय, पाह्यलं कधी?"

मी म्हटलं, नाही.

"मंग?" ते म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

परत येताना मला त्यांचा राग आला नाही, हेच विशेष. माणूस बरोबर बोलला होता. ज्या विहिरीत आपण उतरत नाही तिच्यात दुसऱ्याला कसं ढकलायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडीला गेले आणि म्हटलं, "शंकरभाऊ, उद्या सकाळी माझं डोकं बघायचं आहे. तुम्ही साक्षीला या."

ते आले. बरोबर आणखी तिघे, तमाशा बघायला. गणपतरावांनी मला पुन्हा एकदा विनवलं, "बाई, ऐका, नका करू. घरी लेकरं आहेत तुमाले." मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, टेप घ्या. गणपतरावांनी कधी कुणाला चकती लावली नव्हती, पण इतकी वर्षं पाहून पाहून त्यांना सगळं येत होतं. डॉक्टरांनी खुणा तपासल्या. मग मी डोळे मिटून पडून राहिले. लेखण्यांची खरखर रोज ऐकायचे, पण ती माझ्या डोक्यातून निघतेय हे कळल्यावर वेगळीच वाटली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

"झालं," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर वाकले.

मी तारा डोक्यावर तशाच घेऊन उठले आणि कागद पाहिला. माझ्या डाव्या बाजूच्या लाटा रामदासच्याहूनही बसक्या होत्या. उजवीकडे डोंगर आणि डावीकडे पेरूनही न उगवलेलं सपाट शेत. हा कागद दुसऱ्या कुणाचा असता तर मीच डॉक्टरांपुढे ठेवून म्हटलं असतं, सर, हे बघा जरा.

डॉक्टरांनी मला पुन्हा निजवून तारा अदलाबदल करून पाहिल्या. डावीकडच्या उजव्या लेखण्यांना, उजवीकडच्या डाव्यांना. दोष लेखणीचा असता तर जागेवर राहिला असता. तो माझ्याबरोबर पलीकडे गेला. डॉक्टरांनी खुणा पुन्हा मोजल्या, बरोबर होत्या. गणपतराव तोंड फिरवून गोंदाची बाटली पुसत होते.

शंकरभाऊ पुढे झाले. "काय निंगालं?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. कागद गुंडाळून ठेवता आला असता, सांगता आलं असतं की ठीक आहे. पण मग त्या चौघांना इथवर आणलं कशाला? मी रामदासचा कागद काढायला लावला, माझा त्याच्याशेजारी टेबलावर पसरला आणि दोन्ही बाजू बोटाने दाखवल्या.

"हे रामदासचं. आणि हे माझं. माझं जास्त वाकडं आहे."

शंकरभाऊंनी दोन्ही कागद पाहिले, मग मला खालून वर पाहिलं. "तुमाले चक्कर येते?"

"नाही."

"कधी पडल्या?"

"एकदाही नाही. घर, दोन पोरं आणि ही नोकरी, तिन्ही सांभाळते. वर सासू."

मग ते डोक्यावरचा रुमाल सोडून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पाहा मंग माह्यं. आता मलेबी पाहाच लागते."

शंकरभाऊंच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या निघाल्या, याचा त्यांना पुढे फार गर्व झाला. त्यांच्याबरोबरच्या एकाची उजवी जास्त, एकाची थोडी डावी जास्त. बातमी वाडीला पोचली आणि मग विचारू नका. ड्रायव्हर आपण होऊन यायला लागले. कुणाची कोणती बाजू भारी यावर टपरीवर चहाच्या पैजा लागू लागल्या. "माह्यी उजवी डब्बल निंगाली पाह्य," असं एकमेकांना ऐकवायचे. मालकाला त्यांच्यापैकी कुणाचं नाव कळणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना आधीच कबूल केलं होतं. तेल मात्र एकानेही चुकवलं नाही, स्पिरिटच्या बाटल्या संपल्या. आमचं नेहमीचं काम आटोपून त्यांचं करायचं, म्हणून आम्ही तिघांनी उन्हाळ्याची रजा सोडली. त्याचं कौतुक नको, त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. सुमन अधूनमधून दारात उभी दिसायची.

मालकाचे डॉक्टर बोलावल्यावर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही उद्या गाडी लोकांच्या अंगावर गेली तर, ही काळजी होती आणि ती खोटी म्हणता येत नाही. डॉ. मुळ्यांनी सगळे कागद नावं दुमडून टेबलावर मांडले आणि म्हणाले, "यातला एकच माणूस उन्हात पडला होता. बाकी सगळे धडधाकट. तुम्ही ओळखा."

पाहुणे डॉक्टर खरोखर मन लावून बघत होते. चष्मा काढला, घातला, एक कागद बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी म्हणाले, "हा. यात शंकाच नाही. याला गाडी देणार नाही मी."

डॉ. मुळ्यांनी दुमड उलगडली. माझं नाव होतं. मी त्यांच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

ते एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले. "बाई, तुम्ही गाडी चालवता का?" मी म्हटलं, नाही, संसार चालवते. रामदासच्या कागदावर त्यांनी तिथेच सही केली आणि जाताना दोन-तीन आलेख पुन्हा नीट पाहून गेले.

पुढे आमच्या रिपोर्टात एक ओळ वाढली, इतका फरक निरोगी माणसातही असतो. छोटी ओळ. पण ती रामदासच्या आधी नव्हती, आणि त्या कपाटातल्या किती जणांना तिच्यावाचून स्टुलावर बसावं लागलं असेल, ते मला माहीत नाही. ही टोचणी अजून जात नाही. डॉक्टरांना यावर मोठा निबंध लिहायचा होता, तोही राहिला. पुढे त्यांची बदली झाली आणि ते गठ्ठे वाळवीने खाल्ले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. चार दिवसांनी सुमन परत आली, रडवेली.

"ताई, गाडी भेटली त्याले. पन नेतच नाही. फाटकापर्यंत नेते आन परत आनून लावते. म्हनते, कागद गेला पन मले भरोसा नाही राह्यला."

मला वाटलं होतं, सही झाली की माणूस बरा. बरा काय व्हायचा, मुळात आजारीच नव्हता. पण महिनाभर सगळ्यांनी त्याला तुझं डोकं बिघडलंय म्हणून सांगितलं आणि ते त्याने मनाला लावून घेतलं. ते काढायला माझ्याकडे स्पिरिट नव्हतं.

रविवारी सकाळी मी वाडीला गेले. रामदास आपल्या ट्रकच्या पायरीवर बसला होता. सुमन बाजूला.

"चला रामदास, अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन येऊ," मी म्हटलं.

"बाई, तुमी काहून? मध्येच मले काई झालं तं?"

"झालं तर दोघांचं होईल. माझं डोकं तुझ्याहून वाकडं आहे, पाहिलं ना? सुमन, चढ वं."

सुमन मधे बसली, मी दाराशी. मालकाची परवानगी शंकरभाऊंनी काढून ठेवली होती. रामदासने फाटक ओलांडलं आणि गाडी इतकी हळू हाकली की बैलगाडीवाला आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. मी पुढचा रस्ता बघत बसले. वाटेतलं बाजारगाव मागे गेलं तेव्हा त्याने पहिल्यांदा गाडी जरा मोकळी सोडली. कोंढाळीला आम्ही चहा-भजी खाल्ली. तो चहा घेऊन गाडीभोवती फिरला, टायर लाथेने तपासले, आणि आम्ही परत निघालो.

उन्हाळाभराचा थकवा होता की गरम वाऱ्याची झुळूक, माहीत नाही, परतीच्या वाटेवर मला गाढ झोप लागली. सोंग नव्हतं. जाग आली तेव्हा वाडीचे ट्रक दिसत होते, गाडी चांगल्या वेगात होती आणि रामदास एका हाताने स्टिअरिंग धरून काहीतरी गुणगुणत होता. सुमन तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय झालं वं?" मी विचारलं.

रामदास रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "बाई, तुमी घोरून राह्यल्या होत्या. मले वाटलं, जिनं माह्यं डोस्कं आतून पाह्यलं, थेच माह्या गाडीत अशी बिनघोर झोपली, तं मंग मी काहून भेऊन राह्यलो?"

मी घोरत नाही, असं त्याला ठणकावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं नाही. गाडी गोडाऊनला लावली, उतरला, आणि आम्ही दोघी खाली यायच्या आतच कारकुनाच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, "उद्याचा अकोल्याचा माल माह्या गाडीत टाका."